तीन पाळ्यांची बदकं

ज्योतीराम मुळीकला फक्त एक अर्ज करायचा होता. एक पान, वर तारीख, खाली सही.

निगडीच्या पलीकडे, जिथे रस्ते आखून झाले होते पण घरं अजून कागदावरच होती, तिथे एक उथळ तळं होतं. ते बुजवून आणखी प्लॉट पाडायचं ठरलं होतं. १९८० च्या पंधरा एप्रिलला भराव सुरू, अशी पाटीही लागली होती. या तळ्यावर दर हिवाळ्यात उत्तरेकडून रानबदकं उतरत आणि एप्रिल सरता सरता परत जात. निघण्याआधीचा महिना ती नुसती खात असतात, कारण पुढे हिमालय ओलांडायचा असतो. ज्योतीरामचं म्हणणं इतकंच, की भराव तीस एप्रिलनंतर घाला. पंधरा दिवसांचा प्रश्न. बदकांना पोटभर जेवून उठू द्या.

मागणी मोजूनमापून केलेली होती. ज्योतीरामचं सगळंच मोजूनमापून असे. प्राणिशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात घेऊन तो खटाव तालुक्यातून इकडे आला, तर इकडे प्राणी कोणालाच नको होते. पंप बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला बॉयलरचं पाणी तपासायला बसवलं. पाण्यात प्राणी सापडू नयेत, एवढाच काय तो त्याच्या शास्त्राचा तिथे उपयोग. म्हणून पाळी सुटली की तो सायकल हाणत तळ्यावर जायचा. तिथेही त्याला एका जागी बसवत नसे. पाच मिनिटं या काठावर, की लगेच त्या काठावरून काही वेगळं दिसत असेल या शंकेने तिकडे. पक्षी पाहणाऱ्याला हा गुण शोभत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण पायांना ठाऊक नव्हतं.

गळ्यात दुर्बीण आणि हातात वही घेऊन निगडीत फिरणारा माणूस जमीन मोजणाराच असणार, याबद्दल लोकांच्या मनात संशय नव्हता. ज्योतीराम शेकाट्याच्या लाल पायांकडे पाहत चिखलात ओणवा झाला असताना मागून आवाज येई, "साहेब, आमचा प्लॉट रस्त्यात तर जात नाही ना?" तो सांगे, मी पक्षी पाहतोय. मग विचारणारा समजूतदारपणे हसून म्हणे, "असू द्या, असू द्या. नसेल सांगायचं तर राहू द्या."

असो. अर्ज घेऊन तो कचेरीत गेला. कचेरीचं नाव सांगून तिला उगाच प्रसिद्धी देण्यात अर्थ नाही. टेबलामागच्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, उलटा करून मागेही काही आहे का पाहिलं आणि विचारलं, "अर्जदाराचा पक्ष्यांशी संबंध?"

"निरीक्षक."

"सरकारी?"

"नाही. हौशी."

"प्लॉट कितवा तुमचा?"

"मी भाडेकरू आहे."

कारकुनाने अर्ज परत त्याच्यापुढे सरकवला. तो माणूस वाईट नव्हता. हौशी भाडेकरू असं घरच फॉर्मात नव्हतं. "असं करा," तो म्हणाला, "एखादं मंडळ काढा. अध्यक्ष प्लॉटधारक पाहिजे. आणि गेल्या वर्षी किती, यंदा किती, असा तक्ता जोडा. चौदा मार्चला दुपारी बाराच्या आत. नुसत्या बदकावर फाईल उघडत नाही."

अशा रीतीने, पक्ष्यांवरच्या प्रेमापोटी नव्हे तर फाईल उघडावी म्हणून, निगडीत पक्षी निरीक्षण मंडळ निघालं.

अध्यक्ष शोधायला लांब जावं लागलं नाही. ज्योतीराम ज्यांच्या माडीवरच्या खोलीत राहत होता ते नानासाहेब प्लॉटधारक होते, आणि अध्यक्ष व्हायला निवृत्त झाल्यापासून तयार होते. त्याच पंपाच्या कंपनीत जुळणी खात्यात तीस वर्षं फोरमन होते. घरातही त्यांचा चहा पाळीप्रमाणे व्हायचा, आणि गवळी उशिरा आला तर ते त्याला कारण विचारायचे. दुसरे सभासद चांदभाई. नाक्यावर त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान. त्यांचा जन्म पवनाकाठचा, आणि कान असा की पक्षी न बघता ओळखायचे. तिसऱ्या शेजारच्या सुमनताई. त्यांचे यजमान दुसऱ्या पाळीला जात आणि ताई दिवसभर गच्चीवर वाळवणाची राखण करत बसत. पक्ष्यांशी त्यांचा संबंध रोजचा आणि वैराचा होता.

पहिली सभा नानासाहेबांच्या गच्चीत, कुरडयांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात भरली. यंदाच्या वसंतात कोणाला काय दिसलं, ते प्रत्येकाने सांगावं असं ज्योतीरामने सुचवलं.

"तांबट यंदा आठ दिवस आधी सुरू झाला," चांदभाई म्हणाले. "दुकानामागच्या उंबरावर. टुक टुक टुक, जसा इंजिनचा टॅपेट ढिला झालेला. पहिल्या दिवशी मी गिऱ्हाइकाची गाडी उघडली, खुदा की कसम. गाडी बंद केली तरी आवाज चालूच."

"तारीख?" ज्योतीरामने पेन्सिल उचलली.

"तारीख नाही ठाऊक भाऊ. गाडी कोणाची ते ठाऊक आहे."

"चिमण्या कमी झाल्यात," सुमनताई म्हणाल्या. "गेल्या साली काठी खाली ठेवायची सोय नव्हती. यंदा मी काठी शेजारी ठेवून पेंगते, तरी पापड शाबूत."

ज्योतीरामला भरून आलं. हीच ती नोंद, जी कुठल्या पुस्तकात नसते. त्याने ताईंना चौकटींचा एक कागद दिला आणि सांगितलं, "चिमणी आली की रेघ मारा. आठवडाभर." आठवड्याने ताईंनी कागद आणून दिला. चारशे बारा चिमण्या. चौकशीअंती कळलं, की दोन चिमण्या ताईंच्या वळचणीत घरटं करत होत्या आणि काडी घेऊन दर खेपेला गच्चीवरून जात होत्या.

"आली की रेघ मारा, असं तुम्हीच म्हणालात भाऊजी," ताई म्हणाल्या. "तीच का दुसरी, हे विचारायचं होतं होय मी तिला?"

उत्तर बिनतोड होतं. ज्योतीरामने त्यावर विचार करायला हवा होता. त्याने चिमण्या बाजूला ठेवल्या आणि बदकांकडे वळला.

गेल्या मार्चमध्ये त्याने एकट्याने तळ्यावर दोनशे चौदा बदकं मोजली होती. यंदा ती निम्म्यावर आली असावीत असा त्याचा अंदाज होता, कारण हिवाळाभर पलीकडच्या इमारतींच्या पायासाठी सुरुंग उडत होते. हे त्याने सभेत सांगताच नानासाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"घट?" ते म्हणाले. "मुळीक, तीस वर्षांत मी घटीच्या तक्त्यावर सही केलेली नाही."

"नाना, घट दिसली तरच अर्जाला जोर येतो. बदकं कमी होताहेत, म्हणून जपा, असं म्हणतोय आपण."

"कळलं," नानासाहेब म्हणाले. फोरमन कळलं म्हणतो तेव्हा संभाषण संपलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. पण प्रयोगशाळेतल्या माणसाला हे कुठून माहीत असणार?

मोजणीला गुरुवार, तेरा मार्च ठरला. विजेच्या टंचाईमुळे तेव्हा आमच्या भागातल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असे. बदकं दिवसातून जागा बदलतात, एका नजरेत चूक होऊ शकते, म्हणून ज्योतीरामने तीन वेळा मोजायचं ठरवलं: सकाळी सातला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला. नानासाहेबांनी लगेच त्याला पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी अशी नावं दिली. ज्योतीरामला ती आवडलीसुद्धा. त्याने फूटपट्टी घेऊन सुरेख तक्ता आखला. डावीकडे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक. वर तीन पाळ्या. खाली प्रत्येक पाळीची एकूण. उजवीकडे एक उभी रांग रिकामी उरली. तिच्यात तिन्ही मोजण्यांची सरासरी लिहायची असं त्याच्या मनात होतं. मनात होतं, तक्त्यात नव्हतं.

गुरुवारी पहिल्या पाळीला त्याने स्वतः मोजली. चक्रवाक एकवीस, थापट्या बावन्न, तलवार बदक चव्वेचाळीस. एकशे सतरा. आकडे तक्त्यात भरतोय तोच कंपनीची जीप धुरळा उडवत काठाशी आली. सुट्टीच्या दिवशी बॉयलर उघडला होता आणि आत पाहण्यासारखं काही निघालं होतं. ज्योतीरामने तक्ता नानासाहेबांच्या हाती दिला, "दुपारची चांदभाई मोजतील, संध्याकाळची तुम्ही आणि ताई," एवढं सांगितलं आणि तो जीपमध्ये चढला. बॉयलरने त्याला दोन दिवस सोडलं नाही.

घरी आला तेव्हा नानासाहेब दारातच उभे होते. हातात पेढ्यांचा पुडा.

"तक्ता काल साडेअकराला पोचवला. वेळेच्या आधी तीस मिनिटं," ते म्हणाले. "घ्या, पेढा घ्या. तीनशे चोवीस!"

"काय तीनशे चोवीस?"

"बदकं. तुमची पहिली पाळी एकशे सतरा, चांदभाईंची एकशे नऊ, आमची अठ्ठ्याण्णव. संध्याकाळी जरा मार खाल्ला, सुमनताईंना ऊन डोळ्यावर होतं. पण दिवसाचं एकूण तीनशे चोवीस. गेल्या साली दोनशे चौदाच होती. तुम्ही एकटे होतात ना, एकाच पाळीत कितीसं होणार?"

ज्योतीरामच्या तोंडात पेढा होता, त्यामुळे तो काही बोलला नाही. पेढा संपल्यावरही बोलला नाही. समोर साठी उलटलेला माणूस उभा होता, निवृत्तीनंतर प्रथमच कशाचा तरी आकडा गाठलेला, आणि त्याचा चेहरा असा फुलला होता की त्या चेहऱ्याला सरासरी समजावून सांगण्याची त्याची छाती झाली नाही. आपण उद्या परस्पर कचेरीत जाऊन दुरुस्ती करू, असं त्याने ठरवलं. उद्या रविवार होता. सोमवारी गुढीपाडवा. मंगळवारी पहिली पाळी, आणि बुधवारी उत्तरच आलं.

उत्तर मंडळाच्या नावे, अठरा मार्चचं होतं. कचेरीच्या शिरस्त्याबाहेर जाऊन त्यात मंडळाच्या मेहनतीचं कौतुक केलं होतं. पुढे लिहिलं होतं: 'जोडपत्रावरून सदर जागी पक्ष्यांच्या संख्येत ५१.४ टक्के वाढ झाल्याचे दिसते. परिसरात चालू असलेल्या कामांचा पक्ष्यांवर अनिष्ट परिणाम होत नसून उलट ती त्यांना मानवत असल्याचे दिसते. सबब भरावाचे काम पुढे ढकलण्याचे प्रयोजन उरत नाही. ते पंचवीस मार्चपासून सुरू करण्यास हरकत नसावी.'

ज्योतीरामने आधी टक्केवारी तपासली. ती बरोबर होती. याचाच त्याला जास्त राग आला.

मुरमाचे ट्रक त्याच दिवसापासून तळ्याच्या पूर्व काठावर येऊन पडू लागले. बदकं पश्चिमेला सरकली. गल्लीत मात्र आनंदीआनंद होता. पाण्याच्या नळावर, दळणाच्या रांगेत, माणसं ज्योतीरामला थांबवून अभिनंदन करत. "वाढली म्हणे?" एकाने सुचवलं, की एवढी वाढ आहे तर गिनिजवाल्यांना कळवा. दुसऱ्याने विचारलं, की ही जास्तीची शंभर कुठून आली, शेजारच्या पुनावळ्याची तर नाहीत? कारण पुनावळेकर ऐकून घेणार नाहीत. तिसऱ्याने बाजूला नेऊन सांगितलं, "मुळीक, आकडा छान आहे, पण पुढच्या वर्षी ह्याच्यावर न्यावा लागेल हं, जरा हात राखून मोजायचं."

ज्योतीराम तीन रात्री झोपला नाही आणि चौथ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कचेरीत गेला.

"तक्ता चुकलाय," तो कारकुनाला म्हणाला. "खरी बदकं एकशे सतरा."

"मग बाकीची दोनशे सात?"

"ती तीच बदकं आहेत. दुपारची आणि संध्याकाळची."

कारकुनाने चष्मा काढून डोळे चोळले. "मुळीक, तक्ता मागे घेता येईल. पण तक्त्यावर साहेबांचा शेरा पडलाय. शेरा मागे घ्यायला साहेबांना जागेवर काहीतरी दिसायला पाहिजे. प्रत्यक्ष पाहणी मागा. आणि पाहणी होईपर्यंत काम सुरू झालं तर मी काही बोललो नव्हतो."

काम सुरू झालं नाही, पण ते ज्योतीरामच्या पुण्याईने नव्हे. रोलर चाकणच्या रस्त्यावर अडकून पडला होता. मुरमाचे ढीग काठावर तसेच तापत पडले, आणि गुरुवार सत्तावीस मार्चला प्रत्यक्ष पाहणी ठरली. ज्योतीरामने सकाळी सात मागितले होते. मिळाले अकरा.

त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. सकाळी गुपचूप जाऊन, साहेबांच्या हाती दुर्बीण देऊन, दोघांनीच मोजून मोकळं व्हायचं, म्हणजे नानांना काही कळायचं कारण नाही, असा त्याचा बेत. परंतु पाहणीची प्रत अध्यक्षांना जाते. अकराला तो तळ्यावर पोचला तेव्हा तिथे साठ माणसं होती. सुमनताई बायकांसह आल्या होत्या आणि बरोबर चिवडा होता. चांदभाईंनी दुकान बंद ठेवलं होतं. नानासाहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, हातात हार होता आणि गळ्यात फोरमनची जुनी शिट्टी. पश्चिम काठाला बदकं चरत होती. ज्योतीरामने घाईघाईने मोजायला सुरुवात केली. नव्वदपर्यंत आला.

तेवढ्यात साहेबांची जीप दिसली, आणि लोकांनी ओळीत उभं राहावं म्हणून नानासाहेबांनी शिट्टी फुंकली.

त्या शिट्टीने तीस वर्षं जुळणी खातं हललं होतं. बदकांची काय कथा? सगळं तळं एकदम उठलं, पंखांचा मोठा आवाज झाला, लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या, आणि साहेब जीपमधून उतरून चष्मा पुसून पाहतात तो पाण्यावर लाटांखेरीज काही नव्हतं.

"कागदावर तीनशे चोवीस," साहेब म्हणाले. "जागेवर?"

"आत्ताच गेली सर. होती ती," चिवड्याचा घास घेतलेले पाचसहा जण एकदम म्हणाले.

ज्योतीराम पुढे झाला. "सर, तीनशे चोवीस नव्हतीच कधी. एकशे सतरा होती. तीन पाळ्यांची बेरीज झालीय."

नानासाहेबांनी हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "झालीय म्हणजे? मी केलीय. तीस वर्षं मी तीन पाळ्यांची बेरीज करत आलो, एकदाही हरकत आली नाही."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. "नाना, पहिल्या पाळीने केलेला पंप दुसऱ्या पाळीला पुन्हा करावा लागत नाही. तो वेगळा, हा वेगळा. बदक तेच असतं हो. सकाळी तेच, दुपारी तेच, संध्याकाळी तेच."

साठ माणसं ऐकत होती. नानासाहेबांचे ओठ हलले. ते मनातल्या मनात काहीतरी जुळवत होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू खाली आला. "हे तुम्ही मला पेढे वाटायच्या आधी नाही सांगितलंत," एवढंच ते म्हणाले.

"चूक माझी आहे सर," ज्योतीराम साहेबांना म्हणाला. "ती रांग मी रिकामी सोडली."

"चूक कोणाची हा प्रश्न नाही," साहेब थकल्यासारखे म्हणाले. त्यांनाही ऊन लागत होतं. "तुमचा तक्ता चुकीचा, हे लिहून द्या. दिलंत? आता चुकीच्या तक्त्यावरचा अर्ज मी मंजूर कसा करू? आणि पाहणीत पक्षी शून्य. रोलर आलाय ना मुकादम? मग काम चालू करा."

ज्योतीरामने लिहून दिलेल्या कागदावरची शाई अजून ओली होती. खरं बोलून आपण बदकांना पंधरा दिवस आधीच, नव्हे महिनाभर आधी उठवलं, हे त्याच्या लक्षात आलं. त्याच्या पायांना कुठेतरी जायचं होतं. जायला जागा नव्हती.

मुकादम भिमाजी पुनावळ्याच्या जुन्या घरातला. तो रोलरवाल्याला वाट दाखवायला मुरमाच्या ढिगाकडे गेला, तोच ढिगावरून एक टिटवी किंचाळत उठली. ती भिमाजीच्या डोक्यावरून गेली, वळली, आणि जीपजवळ उभ्या असलेल्या साहेबांच्या अंगावर अशी आली की साहेब फायलीने डोकं झाकून बॉनेटमागे गेले. ती पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला फाईल खाली पडली.

"क्लच न दाबता गिअर टाकला वाटतं कोणीतरी," चांदभाई पुटपुटले.

भिमाजी ढिगाच्या माथ्यावर ओणवा झाला होता. तो उठला आणि त्याने रोलरवाल्याला दोन्ही हात आडवे करून थांबवलं. "सायेब, काम बंद."

"का?"

"टिटवीची अंडी हायेत. चार."

"उचलून बाजूला ठेवा."

भिमाजीने कानाला हात लावला. "आमी न्हाई हात लावायचो. उंचवट्यावर घातल्यात तिनं. औंदा पाऊस चांगला व्हनार. ती मोडली आन् उद्या पाऊस हुकला, तर गाव मला इचारंल. रोलर पायजे तर तुमी चालवा."

रोलरवाल्याने हे ऐकून रोलर बंद केला आणि खाली उतरला. दोघे मजूरही खोरी टेकवून बसले. साहेबांनी आदेश, करार, कंत्राटदार अशी तीन नावं घेतली. भिमाजी प्रत्येकाला "व्हय" म्हणाला आणि जागेवरून हलला नाही. शास्त्र, तक्ता, मंडळ, अर्ज यांतलं काहीच त्याच्या बाजूला नव्हतं. तरी तो उभा होता आणि काम थांबलं होतं. ज्योतीराम तोंड उघडं ठेवून पाहत राहिला. तो मुरूम त्या चुकीच्या तक्त्यामुळेच महिनाभर आधी येऊन पडला होता, आणि टिटवीला उघडा खडकाळ उंचवटाच लागतो.

"किती दिवस लागतात ह्याला?" साहेबांनी शेवटी ज्योतीरामला विचारलं. फायलीत लिहायला काहीतरी आकडा हवा होता.

"अठ्ठावीस, सर. आजपासून धरले तर चोवीस एप्रिल. पिलं फुटली की त्याच दिवशी चालायला लागतात."

'मजुरांच्या अडचणीमुळे काम २४ एप्रिलपर्यंत स्थगित,' असं साहेबांनी लिहिलं. बदकांचा उल्लेख कुठेही नव्हता. जीप गेली. तासाभराने सगळी बदकं परत येऊन पश्चिम काठाला उतरली, आणि ज्योतीरामने, आता कोणाला उपयोग नसताना, ती मोजली. एकशे चार.

नानासाहेब दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार वाजवलं आणि एक कागद पुढे केला. अंड्यांना कुत्री आणि कावळे यांच्यापासून धोका होता, म्हणून त्यांनी राखणीच्या पाळ्या लावल्या होत्या. पहिली नानासाहेब स्वतः, दुसरी सुमनताई, पाळी सुटल्यावर ज्योतीराम, मावळतीला चांदभाई. काठीचा उपयोग अखेर ताईंना झाला. टिटवी सगळ्यांवर सारखीच ओरडायची. आठ दिवसांनी ज्योतीरामने राखणीची वही उघडून पाहिली. पहिली पाळी अंडी चार, दुसरी पाळी चार, तिसरी चार, चौथी चार. आणि खाली, नानासाहेबांच्या अक्षरात, दिवसाची अंडी: चार. चारखाली दोनदा रेघ मारली होती.

बदकं कमी कमी होत गेली. दहा एप्रिलला साठ, सोळाला बावीस, वीसला फक्त चक्रवाक पाच. एकवीस तारखेला पाणी मोकळं होतं. ज्योतीरामने शून्य लिहिलं आणि वही अध्यक्षांपुढे धरली.

नानासाहेबांनी शून्य निरखून पाहिलं. "आपापली गेली ना? कोणी हाकलली नाही?"

"आपापली."

"मग काम पुरं झालं," असं म्हणून त्यांनी सही केली.

चोवीस एप्रिलला सकाळी तीन अंडी फुटली. चौथं वांझ निघालं. दुपारपर्यंत तिन्ही पिलं आईमागून गवतात पसार झाली. सगळं मंडळ काठावर उभं होतं. ज्योतीरामच्या अर्जात जे मागितलं होतं ते झालं होतं. बदकं जेवून, चरबी चढवून, वेळेवर गेली होती. मागणी तीस एप्रिलपर्यंतची होती, पण पाखरं नऊ दिवस आधीच निघाली, म्हणजे अंदाज बरा होता. त्याला कित्येक दिवसांत प्रथमच स्वस्थ वाटलं.

भिमाजी आला. रोलर मागे घुरघुरत होता. "मास्तर, आता करू का चालू? तुमची हरकत न्हाई ना?"

"नाही. आता काही हरकत नाही," ज्योतीराम म्हणाला.

चांदभाई पाण्याकडे पाहत होते. "भाऊ, एक विचारू? ही बदकं दिवाळीला परत येतात ना?"

"हो. ऑक्टोबरअखेर."

"मग उतरणार कुठं?"

ज्योतीरामने सगळं मोजलं होतं: किती बदकं, किती दिवस, किती टक्के, किती अंडी. तळं किती दिवस हवं, हे त्याने स्वतःच अर्जात लिहून दिलं होतं. तीस एप्रिलपर्यंत. एक पान, वर तारीख, खाली सही.

सुमनताई त्याच्याकडे पाहायला लागल्या. रोलरवाल्याने गिअर टाकला.

"थांबा!" ज्योतीराम ओरडला. "भिमाजी, थांबा जरा. दुसरा अर्ज करतो. आत्ता. कचेरी पाचपर्यंत उघडी आहे."

"अवो पर अंडी फुटली की. आता कंत्राटदाराला मी काय सांगू?"

"जेवलात का तुम्ही?" नानासाहेबांनी एकदम विचारलं. फोरमनला हा प्रश्न केव्हा विचारायचा ते कळतं.

भिमाजीने आधी नानासाहेबांकडे पाहिलं, मग तळ्याकडे. रोलरवाल्याला त्याने हाताने खूण केली आणि बाभळीखाली बसून फडकं सोडलं.

ज्योतीराम मुरमाच्या ढिगावर बसला, मांडीवर वही घेतली, पेनाचं टोपण दातांनी काढलं. नानासाहेब त्याच्या खांद्यावरून वाकले. "लिहा मुळीक. आणि ह्या वेळेला अमुक तारखेपर्यंत असं काही घालू नका."

"दोनच भाकरी हायेत," बाभळीखालून भिमाजी म्हणाला. "लिवा बिगीबिगी."